करेव्वाचा माज

माजावर नसलेली म्हैस मी भर गावातून रेड्याकडे नेली. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा माझी पक्की खात्री होती, तिन्ही वेळा रेड्याने तोंड फिरवलं, आणि तिन्ही वेळा म्हैस आणि मी त्याच रस्त्याने, त्याच हॉटेलावरून, त्याच माणसांसमोरून परत आलो. म्हशीला त्याचं काही वाटलं नाही. ती चालता चालता रवंथ करत होती.

आता पुन्हा ते दिवस आलेत. दिवाळी होऊन गेली. वळसंगच्या काळ्या रानात ज्वारी पोटऱ्यात आलीय, पहाटे पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढावी लागते, आणि उसाच्या ट्रॉल्या हिरव्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, सडा टाकत, वाकड्यातिकड्या गाण्यांच्या आवाजात कारखान्याकडे निघाल्यात. शहरातल्या माणसाला हिवाळा म्हणजे स्वेटर आणि गरम भजी. ज्याच्या दारात म्हैस आहे त्याला हिवाळा म्हणजे माज. उन्हाळाभर डबक्यात डोळे मिटून पडलेली, ‘मला काही विचारू नका’ अशी मुद्रा करून बसलेली म्हैस दिवस आखूड व्हायला लागले की आतून जागी होते. गाईचं तसं नसतं, तिला बारा महिने सारखे. म्हैस स्वतःचं पंचांग पाळते, आणि ते कुणाला वाचून दाखवत नाही.

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. म्हशीच्या गळ्यात बांधायचा पट्टा. म्हैस माजावर आली की आपला फोन वाजतो. मला असा ठसका लागला की चहा नाकात गेला.

‘‘हसायला काय झालं?’’

‘‘काही नाही. एका हिवाळ्यात आमच्या घरचा पट्टा मीच होतो. बिघडलेला.’’

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठल्या रॅकवर कुठला बेअरिंग आहे हे मी डोळे मिटून सांगेन. गावात मला ‘मॅनेजर’ म्हणतात. कारखान्यात कोणी म्हणत नाही, पण गावाला कुठे माहीत आहे? थोरला भाऊ अण्णा, तो शेती आणि गोठा बघतो. मी महिन्याला पगार आणतो आणि रविवारी सल्ला देतो. पगार घेतात.

करेव्वा माझ्या बायकोच्या, महानंदाच्या माहेराहून आली. आमची पल्लवी जन्मली तेव्हा सासरे अक्कलकोटच्या पलीकडून टेम्पोत एक लहानशी वगार घालून घेऊन आले. ‘‘पोरीला दूध पायजे की,’’ एवढंच म्हणाले, चहा प्यायले आणि त्याच टेम्पोने परत गेले. वगार दूध देईपर्यंत पोर चहा-बिस्किटाला लागली होती, पण असल्या हिशेबात सासरे कधी पडले नाहीत. कन्नडमध्ये ‘करी’ म्हणजे काळी, म्हणून नाव करेव्वा. महानंदा तिच्याशी कन्नडात बोलते, घरातल्या माणसांशी मराठीत, आणि माझ्याशी ज्या भाषेत जास्त लागेल त्या भाषेत.

जात अस्सल पंढरपुरी. लांब अरुंद तोंड आणि खांद्याच्याही मागे गेलेली तलवारीसारखी शिंगं. गोठ्याच्या दारातून आत येताना ती आधी मान तिरकी करते, एक शिंग आत घेते, क्षणभर थांबते, मग दुसरं. भरल्या मांडवात शिडी घेऊन शिरणाऱ्या माणसासारखी. तिला कधी कुणाला शिंग लागलं नाही. दाराची चौकट मात्र दोनदा बदलावी लागली.

दोन वेतं सुरळीत झाली. तिसऱ्याला ती थांबली. दूध आटलं, वर्ष उलटलं, पोटात काही नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. दोष काही नव्हता. ‘‘माज दिसला की फोन करा, नाहीतर रेड्याकडे न्या,’’ म्हणाले. अडचण तिथेच होती. दुसऱ्यांच्या म्हशी माजावर आल्या की अख्ख्या गल्लीची झोप मोडते. एक ओरडते, दुसरी दावं तोडते, तिसरी मालकावरच चढायला बघते. करेव्वा असलं काही करायची नाही. ती उभी असायची. शांत. तोंड हलवत. पुतळ्याला कडबा घातल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाला, ‘‘गड्ड्याच्या बाजारापतोर बघू. तोवर फळली तर ऱ्हाईल. न्हाईतर टेम्पो सांगतो.’’

गड्डा म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, तिच्यात जनावरांचा बाजार भरतो. महानंदा त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. भाकड म्हैस बाजारातून कुठे जाते हे त्या घरात पल्लवी सोडून प्रत्येकाला माहीत होतं. पल्लवीने विचारलं, ‘‘करेव्वा गड्डा बघायला जाणार?’’ आणि सगळ्यांनी एकाच वेळी ताटात बघितलं.

अण्णा वाईट नव्हता हे सांगायला हवं. पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. कडब्याची गंज दिवसेंदिवस बसत चालली होती आणि ती बसताना रोज बघणारा माणूस तोच होता. ओल्या-सुक्या चाऱ्याचा विचार त्यालाच करावा लागे. मी फक्त ‘होईल काहीतरी’ म्हणणारा. तरी त्या संध्याकाळी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

‘‘माज ओळखायचं काम माझ्याकडं,’’ मी म्हणालो.

अण्णाने घास तोंडाशी थांबवून माझ्याकडे बघितलं. ‘‘तुला तुझ्या गाडीतलं पेट्रोल संपलेलं वळखत न्हाई.’’

पण मी अभ्यासाला लागलो. कंपनीच्या बसमध्ये येताजाता मोबाईलवर हरियाणातल्या एका फेटेवाल्या गृहस्थाचे व्हिडिओ बघितले. त्याच्या म्हशी गोल शिंगांच्या, चकचकीत, जिलेबी डोक्यावर ठेवल्यासारख्या, आणि माजावर आल्या की अशा हंबरत की फोनचा स्पीकर फाटे. बसमधली माणसं वळून बघत. मी सगळं पाठ केलं. म्हैस ओरडते. सारखी लघवी करते. एका जागी ठरत नाही.

चार दिवसांत करेव्वा ओरडली. मी दाढी अर्धी टाकून धावलो. दावं सोडलं, तिला घेऊन निघालो. गावाच्या दुसऱ्या टोकाला ओढ्याकाठी सिदरामकाकांचा रेडा. काका बापाच्या वयाचे, बोलायला तिखट. रेड्याचं नाव ‘सायेब’. हे नाव का ते त्या दिवशी कळलं. सायेब संथपणे आला, करेव्वाच्या मागे नाक नेलं, वास घेतला, वरचा ओठ उचलून आभाळाकडे बघत बराच वेळ विचार केला, आणि तोंड फिरवून उभा राहिला. कागद अपुरे आहेत, उद्या या.

‘‘ही माजावर हाय म्हनून कुनी सांगितलं?’’ काकांनी विचारलं.

‘‘ओरडली ना.’’

‘‘कवा?’’

‘‘आत्ता, उसाची ट्रॉली गेली तेव्हा.’’

काका माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिले. ‘‘आरं, ती वाढ्यासाठी वरडली. तुजं पोरगं आइस्क्रीमची गाडी बघून वरडलं तर त्याचं लगीन लावशील का?’’

दुसऱ्या वेळी ती सारखी लघवी करत होती. लक्षण बरोबर होतं, कारण मी होतो. डॉक्टरांनी पेंडीत थोडं थोडं घालायला क्षारांची पूड दिली होती. हात आखडता घेऊ नये म्हणून मी ती भरभरून घातली. म्हैस रात्रभर पाणी पीत राहिली. तिसऱ्या वेळी ती एका जागी ठरेना, दाव्याला हिसके देई, डोळे पांढरे करी. पुन्हा वरात. सायेबाने या वेळी वाससुद्धा अर्धाच घेतला. परत आलो तेव्हा महानंदा गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. आत खुंटीवर माझं कंपनीचं नारिंगी जाकीट टांगलेलं होतं, उजेड पडला की चमकणाऱ्या पट्ट्यांचं.

‘‘हे हितं कुनी टांगलं?’’

मी खाली वाकून दावं बांधू लागलो. तिने जाकीट काढलं. म्हैस ठरली.

आता स्टँडवरच्या हॉटेलाबद्दल. त्या हॉटेलात सकाळी बसणाऱ्या माणसांना शेत नाही असं नाही, पण त्यांचा शेतावर विश्वास आहे. ते आपोआप पिकतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘काय मॅनेजर, कुटं?’’ दुसऱ्या दिवशी, ‘‘आज साकरपुडा का लगीन?’’ तिसऱ्या दिवशी आम्ही परत येत होतो तेव्हा एकजण उठून उभा राहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘‘वधुपिता आले रे! पोरगी पुना नापसंत! खुर्ची द्या बिचाऱ्याला.’’

हशा झाला. मीही हसलो. मला लवकर हसू येतं, विशेषतः माझ्यावर. तो माझा जुना धंदा आहे. पण त्या हशात आणखी एक आवाज मिसळला. कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘वांझच हाय ती. कशाला सांबाळतो?’’

तो शब्द मी ओळखत होतो. माणसासाठी वापरतात तोच. दोन बाळंतपणं झालेल्या म्हशीला एक वर्ष गप्प बसल्याबद्दल तो मिळाला. पल्लवीनंतर आम्ही दोघांनी ठरवून थांबायचं म्हटलं, तेव्हा आमच्या अंगणातही असेच शब्द उंबऱ्यापर्यंत येऊन गेले होते. दरवर्षी हुरड्याला नातलग जमतात. शेकोटीत कणसं भाजली जातात, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि गरम हुरड्याबरोबर हमखास एखादी आत्या. ‘‘मग? दुसरं कवा?’’ महानंदाने हातावर कणीस चोळता चोळता उत्तर दिलं होतं, ‘‘तुमी सांबाळनार असाल तर सांगा आत्या, उद्या आनून देते.’’ आत्याने त्या वर्षी हुरडा कमी खाल्ला. गावात झालं, शिवाच्या, म्हणजे माझ्या, बायकोला माज आलाय.

गंमत बघा. एकच शब्द. म्हशीला आला की घरात आनंद, मालक फोन घेऊन धावतो. माणसाला आला की शिवी. मी तर म्हणतो हा शब्द ज्याने पहिल्यांदा माणसाला लावला त्याने म्हैस नीट बघितली नसावी. माज म्हणजे काय? शरीराने आपल्या वेळेला दिलेला होकार. कोणी सांगितलं म्हणून नाही, बाजार जवळ आला म्हणून नाही. वेळ झाली म्हणून. असा होकार देता येणारी, आणि तोवर ठामपणे नकार देत उभी राहणारी बाई किंवा म्हैस, दोन्ही आपल्याला झेपत नाहीत. मग एकीला माजलेली म्हणायचं आणि दुसरीला भाकड.

तिसऱ्या फजितीनंतर मी जाहीर केलं की हे काम मला जमणार नाही. महानंदा गोठा झाडत होती. शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाली, ‘‘तुमाला वळखायला कुनी सांगितलंय? ज्याला कळतं त्यालाच इचारू.’’

‘‘कुणाला?’’

‘‘सायबाला. रोज इचारू. एक दिवस तरी खरं सांगंल की.’’

इतकं सोपं होतं. म्हैस बोलत नसेल तर रेड्याला रोज नेऊन दाखवायची. रोज. माजाचा दिवस आमच्या हातून सुटायला नको. मी म्हणालो, ठीक, पण मग मागच्या वाटेने जाऊ, ओढ्याच्या कडेकडेने. हॉटेल टळेल.

‘‘मागल्या वाटेनं कशाला? म्हैस काय चोरून आनलीय?’’

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमची फेरी सुरू झाली, मोठ्या रस्त्याने. पहाटेचं धुकं ज्वारीच्या रानावर बसलेलं असे आणि त्यातून करेव्वाची शिंगं आधी दिसत, म्हैस नंतर. पुढे मी दावं धरून, मागे महानंदा, ‘‘बा, करेव्वा, बा,’’ म्हणत. बा म्हणजे ये. चुलीच्या धुराचा वास, ओल्या धुळीचा वास, करेव्वाच्या अंगाचा तो आंबूस गरम वास, आणि थंडीत तिच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. तिच्या पाठीवर हात ठेवला की बोटं तापत. कंपनीची बस गाठायची म्हणून मी शर्ट-पँट, पॉलिशचे बूट अशा थाटात. त्या वेषात म्हैस घेऊन जाणारा माणूस दिसला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून विचारात पडत.

हॉटेलवाले पहिले काही दिवस बहरात होते. ‘‘मॅनेजर, हजेरी लागली का?’’ ‘‘आरं, सायबानं रजा टाकलीय आज!’’ महानंदाने एकदा थांबून विचारलं, ‘‘तुमच्यातलं कुनी सायबाच्या बदली काम करतंय का?’’ त्यानंतर ते हळू आवाजात हसू लागले. आणि मग एक दिवस त्यांना कंटाळा आला. लोकांच्या हसण्याला आपण फार भितो, पण त्याला दम कमी असतो हे मला त्या हिवाळ्यात कळलं. रोज त्याच रस्त्याने जा, रोज त्याच वेळी जा. आठवडा-दोन आठवड्यांत हसणारा दमतो. आपली म्हैस दमत नाही.

सायेब रोज वास घेई, ओठ उचले, आभाळ बघे, तोंड फिरवी. सिदरामकाका बाजेवरून विचारत, ‘‘काय म्हन्ला?’’ मी सांगे, ‘‘उद्या या.’’

मधल्या काळात सल्ले येतच होते. डेअरीवर पेंड आणायला गेलं की तिथला गृहस्थ म्हणे, ही गावठी जात कशाला धरून बसलाय, विकून टाका, चांगली मुऱ्हा आणा. कँटीनमधले म्हणत, म्हैसच कशाला, पिशवीचं दूध घ्या. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर. मी वाद घातला नाही, कारण वादात मी हरतो. पण ऐकलंही नाही. ज्या रानात पावसाचा भरवसा नाही, जिथे कधी नुसत्या ज्वारीच्या काडावर दिवस काढावे लागतात, तिथे हीच म्हैस उभी राहिली आहे. ती बादली भरून वाहत नाही, पण वाळल्या काडाचंही दूध करते. आणि समजा, नसती करत. तरी काय? आमच्या दारातलं जनावर, त्याने रोज परीक्षा देत बसायची का? हसायचं त्याने हसावं. मी ती फेरी पुन्हा काढीन. गरज पडली तर वाजंत्री लावून काढीन.

आणि मग येळवस आली, वेळ अमावस्या. सोलापूर भागात त्या दिवशी घरं रिकामी आणि रानं भरलेली. पहाटेपासून आमच्या घरात भाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास, बाजरीच्या उंड्यांची वाफ, आंबिलीचं मडकं घोंगड्यात गुंडाळून ठेवलेलं. मी मनाशी ठरवलं, आज सणाचा दिवस, आज सायबालाही सुट्टी. पांढरा नवा शर्ट घातला. महानंदा, पल्लवी, वहिनी, सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुढे. मी आणि करेव्वा मागून, रानाकडे.

फाट्यावर ती थांबली. उजवीकडे आमचं रान, डावीकडे ओढा. मी उजवीकडे ओढली. तिने डावीकडे बघितलं. मला वाटलं, ट्रॅक्टरवरच्या गाण्याला बुजली. ‘‘बा, करेव्वा,’’ मी महानंदाच्या आवाजात म्हणालो. ती हलली, पण डावीकडे. मी जोर लावला. इतके दिवस मी जिला ओढून ओढून सायबाकडे नेत होतो, ती पहिल्यांदा आपणहून निघाली होती, आणि मी सगळं बळ एकवटून तिला उलटीकडे खेचत होतो. दावं सुटू नये म्हणून त्याचे मनगटाला दोन वेढे मारून घेतले. स्टोअरमध्ये दोरखंड हाताळण्याचा अनुभव.

मग ती धावली.

म्हैस धावते तेव्हा पृथ्वी थोडी खचते. मी आधी चाललो, मग पळालो, मग माझे पाय माझ्याबरोबर राहिले नाहीत. कुणाच्या तरी हरभऱ्यातून मी पोटावर घसरत चाललो होतो. मागे ट्रॉली थांबली. मांडीवर आंबिलीची मडकी धरलेल्या बाया उठून बघायला लागल्या. ओढ्याकडून सिदरामकाकांचा आवाज आला.

‘‘दावं सोड, शिवा! दावं सोड की!’’

‘‘पळून जाईल!’’

‘‘जाऊ दे की! तिला ठावं हाय कुटं जायचं ते!’’

मनगटाचे वेढे कसे सुटले माहीत नाही. पुढे जे झालं त्याचं वर्णन मी करत नाही. लाजेमुळे नव्हे. मी तेव्हा हरभऱ्यात पालथा होतो. फक्त ऐकलं की सायबाने आज कागद तपासले नाहीत, थेट सही केली.

उठलो तेव्हा शर्ट हिरवा झालेला, कोपर सोललेलं, तोंडात आंबट हरभऱ्याचा पाला. हॉटेलातला तो वधुपितावाला दुसऱ्या ट्रॉलीत होता. ओरडून म्हणाला, ‘‘मॅनेजर, लगीन लागलं! अक्षता तुमच्याच डोक्यावर पडल्या की!’’ आणि या वेळी अख्खं शिवार हसलं, महानंदाही. त्या दिवशीची आंबील मला अजून आठवते. थंडगार, आंबट, लसणाची, आणि फुटलेल्या ओठाला झोंबणारी.

पण रेड्याने सही केली म्हणजे काम झालं असं नसतं. फळली की उलटली, हे तीन आठवड्यांनी कळतं. पुन्हा माजावर आली तर सगळं वाया. आणि आमची तर माज सांगतही नव्हती. तीन आठवडे गेले, आम्ही पुन्हा फेरी सुरू केली. सायबाने वास घेतला, ओठ उचलला, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आधी ज्या तोंड फिरवण्याने आमची शोभा केली होती, त्यासाठी आता आम्ही दोघं श्वास रोखून उभे असायचो. महानंदाने सायबाला गूळ चारला.

अण्णाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘रेड्याच्या शब्दावर म्हैस ठेवू व्हय?’’

गड्डा भरला. सिद्धेश्वराच्या काठ्या निघाल्या, अक्षता झाल्या, भाचरं पाळण्यात बसून ओरडून आली. आणि बाजाराच्या एका सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. फळी लावली. अण्णा गोठ्यात गेला तेव्हा महानंदा आधीच तिथे होती, दावं हातात घेऊन.

‘‘भावजी, एक इचारते.’’

‘‘आता काय?’’

‘‘म्हशीला माज येत न्हाई म्हनून तिनं जायाचं. आन मी तोंड उगडलं की म्हनता हिला माज आलाय. तवा एक काय ते ठरवा. माज आला तर वाईट, का न्हाई आला तर वाईट? एकदा सांगा, म्हंजे आमी दोघी तसं वागू.’’

टेम्पोवाला हसला, मग अण्णाचं तोंड बघून फळीचा खिळा तपासू लागला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि महानंदाच्या बाजूला उभी राहिली, हात पदराला पुसत. मलाही काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं. मी फळीवरून चढून टेम्पोत जाऊन बसलो.

‘‘न्यायचंच असेल तर मला न्या,’’ मी म्हणालो.

अण्णाने शांतपणे विचारलं, ‘‘तुला कोन घेईल?’’

पण त्याचा आवाज उतरला होता. त्याने कडब्याच्या गंजीकडे बघितलं, दोघी बायकांकडे बघितलं, करेव्वाकडे बघितलं नाही. ‘‘डॉक्टर हात घालून सांगंल. पोटात असंल तर ऱ्हाईल. नसंल तर मग मला कुनी आडवायचं न्हाई.’’ टेम्पो रिकामा गेला. जाताना टेम्पोवाल्याला मला उतरवावं लागलं, कारण फळी काढून झाली होती आणि मी अजून आत होतो.

मधले ते आठवडे मला लांब वाटले. ज्वारी हुरड्यातून कडक झाली, काढणीला आली, पहाटेची थंडी विरळ झाली. मी कामावरून आलो की गोठ्यात जाऊन उभा राही आणि तिच्या पोटाकडे बघे, जणू तिथे काही लिहून येणार आहे. मला वाटतं, आपण सगळे असेच झालो आहोत. जे ओरडतं तेच असतं अशी आपली समजूत. सकाळपासून फोन ओरडतो, स्टँडवर भोंगा ओरडतो, निवडणूक आली की भिंती ओरडतात. जी गप्प उभी आहे तिच्यात काही चाललेलं असू शकतं, हे आपल्याला खरंच वाटत नाही. म्हणून मी तो पट्टा घेणार नाही. फोन वाजल्यावर कळणार असेल तर मग आपण त्या जनावराच्या शेजारी राहतो कशाला? चुकीन, पुन्हा चुकीन, पुन्हा हरभऱ्यात पडीन. पण निदान पडताना दावं माझ्या हातात असेल.

डॉक्टर आले ती दुपार तापलेली होती. त्यांनी खांद्यापर्यंत येणारा पातळ मोजा चढवला. अण्णाने शिंगं धरली, मी शेपूट. महानंदा दारात, चौकटीला टेकून. डॉक्टरांचा हात आत गेला आणि त्यांनी डोळे मिटले. आढ्याला चिमण्या ओरडत होत्या, वहिनी म्हणाली, ‘‘गप गं,’’ चिमण्यांना. करेव्वा रवंथ करत होती. अण्णाच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता, पण शिंगांवरचा हात त्याने काढला नाही.

‘‘आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘गाभण आहे. चांगली आहे.’’

मी आनंदाने शेपूट सोडलं. ते डॉक्टरांच्या तोंडावर बसलं.

महानंदा आत आली आणि करेव्वाच्या गळ्यात हात टाकून कन्नडात काहीतरी पुटपुटली, ते मला समजलं नाही आणि समजण्यासाठी नव्हतंही. बादलीत हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, ‘‘अशा काही म्हशी असतात. बाहेरून काहीच दाखवत नाहीत. याला आम्ही मुका माज म्हणतो.’’

अण्णाने शिंगावरचा हात हळूच खाली आणला, करेव्वाच्या कपाळावर ठेवला, आणि खाजवायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मुका कुटला, डॉक्टर? ती बिचारी सांगतच असनार की. आमच्या घरात हाच एक भैरा निगाला.’’